बंद इंजिनाची उलटतपासणी

मे महिन्यातील दुपार. मूलकडून पोंभुर्ण्याच्या रस्त्याने एक जुनी, कार्बोरेटरवाली मोटार निघाली आहे. सागाची पाने केव्हाच गळून गेलेली, त्यामुळे जंगल असूनही रस्त्यावर सावली नाही. दहा-बारा किलोमीटर गाडी सुरळीत चालते. मग दोन-चार आचके देते आणि बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. भोवती चार माणसे जमतात. पहिला म्हणतो, ‘पेट्रोल तापले आहे.’ दुसरा म्हणतो, ‘कॉइल गरम झाली.’ तिसरा म्हणतो, ‘टाकीत हवा जात नसेल.’ चौथा म्हणतो, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला.’ शेवटी चौघांचे एकमत होते: ‘थोडे थंड होऊ द्या.’ अर्ध्या तासाने सेल्फ मारताच इंजिन सुरू होते, आणि चौघेही एकदम म्हणतात, ‘बघा, मी म्हणत होतो ना!’

विद्यार्थी मित्रांनो, या चौघांपैकी खरा कोण? याचे उत्तर असे की, अर्धा तास थांबण्याच्या ‘प्रयोगा’ने कोणाचेच म्हणणे सिद्ध झालेले नाही. तापलेले पेट्रोल अर्ध्या तासात निवते. कॉइलही निवते. टाकीतील कमी झालेला दाब हळूहळू भरून येतो. तरंगता कचरा तळाशी बसतो. चारही कारणांचा परिणाम एकच. ज्या चाचणीत सर्व संशयित एकच उत्तर देतात, ती चाचणीच नव्हे. घरच्या घरी इंजिनाचा दोष शोधणे म्हणजे काय, हे या एका वाक्यात आले. हातात पाना नंतर घ्यायचा, आधी संशयितांना वेगवेगळे करणारा प्रश्न शोधायचा. मोठ्या शहरात शंका आली की नवा भाग बसवून पाहता येतो. पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणी एका चुकीच्या अंदाजापायी बल्लारपूर किंवा चंद्रपूरची फेरी आणि हजारदोन हजारांचा भाग फुकट जातो. म्हणून इथे योग्य प्रश्नाला पैशांची किंमत आहे.

इंजिनाच्या चार गरजा

प्रश्न विचारण्यासाठी आधी इंजिन काय करते हे माहीत हवे. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या खालीवर होतो. तो खाली जाताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर येताना ते दाबले जाते. ठिणगी पडून ते जळते व दट्ट्याला खाली ढकलते. आणि पुन्हा वर येताना जळालेले वायू बाहेर लोटले जातात. या चार धावांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. म्हणजे इंजिनाला चार गोष्टी हव्यात: पुरेशी हवा, योग्य प्रमाणात इंधन, दाब आणि वेळेवर पडलेली ठिणगी. चारही असतील तर इंजिन चालतेच. चालत नसेल तर चारपैकी निदान एक तरी नाही.

आता थोडे गणित करू. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. १ लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम धरले तर त्याला जवळजवळ ११ किलो, म्हणजे नऊ-साडेनऊ हजार लिटर हवा हवी. मोटार पेट्रोल पिते असे आपण म्हणतो. खरे तर ती प्रामुख्याने हवा पिते!

या हवेला आपल्या जिल्ह्याचे हवामान लागू पडते. जानेवारीच्या पहाटे तापमान १२ अंश सेल्सिअस असेल आणि मेच्या दुपारी ४६ अंश, तर केल्व्हिनमध्ये ते २८५ व ३१९ होतात. दाब तोच असताना वायूची घनता केल्व्हिन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून उन्हाळ्यातील हवा हिवाळ्यातील हवेपेक्षा सुमारे शेकडा १० ने विरळ असते. प्रत्येक घोटाला इंजिनाला दहावा हिस्सा हवा कमी मिळते. ‘उन्हाळ्यात गाडीचा पिकअप कमी होतो’ ही तक्रार पुष्कळदा इंजिनाचा दोष नसून वायूचा नियम असतो. दोष कशाला म्हणायचा नाही, हे कळणेही दोष शोधण्याचाच भाग आहे.

ठिणगीची वेळ पाहा. मिनिटाला ३००० फेरे फिरणाऱ्या इंजिनाचा एक फेरा २० मिलिसेकंदांत होतो. मिश्रण जळून पुरेसा दाब तयार व्हायला दोनेक मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात क्रँकशाफ्ट सुमारे ३६ अंश फिरून जातो. म्हणून दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. ती फार उशिरा पडली तर इंजिन तापते व ताकद देत नाही. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच उलटा मार बसतो.

संशयित चार, लक्षण एक

रस्त्यावरच्या गाडीकडे परत जाऊ. प्रत्येक संशयित नेमके काय करतो ते पाहिले की त्यांना वेगळे करणारे प्रश्न सुचतात.

तापलेले पेट्रोल: पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. इंजिनाजवळची नळी आणि पंप त्याहून बरेच तापतात. नळीत बुडबुडे होतात. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला. वाफ तो नुसती दाबतो आणि सोडतो. कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही. यालाच मिस्त्री ‘एअर धरली’ म्हणतात, पण ती हवा नसून पेट्रोलची वाफ असते.

कॉइल: बॅटरीच्या १२ व्होल्टपासून ठिणगीसाठी लागणारे १० ते २० हजार व्होल्ट तयार करणारा हा रोहित्राचाच प्रकार आहे. आतील बारीक तार कुठे तुटू लागलेली असेल तर उष्णतेने प्रसरण पावून टोके दुरावतात व ठिणगी बंद होते. निवल्यावर टोके पुन्हा जुळतात.

टाकी: पेट्रोल जसे वापरले जाते तशी त्याच्या जागी बाहेरची हवा टाकीत यावी लागते. त्यासाठी झाकणाला किंवा टाकीला एक बारीक वाट असते. चिखलाचे घरटे करणारी कुंभारीण माशी अशी भोके बुजवण्यात पटाईत! वाट बुजली की टाकीत दाब कमी होत जातो आणि शेवटी पंपाचे ओढणे व बाहेरचे न येणे यांचा सामना बरोबरीत सुटतो.

कचरा: टाकीतील गंज किंवा माती पेट्रोलबरोबर येऊन फिल्टर किंवा जेट अडवते. इंजिन थांबले की ओढ थांबते आणि कचरा खाली बसतो.

आता प्रश्न विचारू. गाडी बंद पडल्यापडल्या, काहीही निवण्याच्या आत, टाकीचे झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली तर तिसरा माणूस खरा. आवाज नाही, गाडीही सुरू होत नाही? मग दुसरा प्रश्न: ठिणगी आहे का? ही तपासणी मिस्त्रीने किंवा जाणत्या मोठ्या माणसाने करावी. गॅरेजमध्ये ठिणगी तपासण्याचे एक छोटे साधन मिळते. प्लग आणि वायर यांच्यामध्ये ते लावले की ठिणगी पडताना त्यात उजेड दिसतो. ठिणगी नसेल तर दुसऱ्याचे म्हणणे विचारात घ्यावे. ठिणगी व्यवस्थित असेल तर कॉइल निर्दोष सुटली. दोष इंधनाच्या वाटेवर आहे. तिसरा प्रश्न: इंजिन तसेच गरम असू द्या, फक्त पेट्रोल पंप आणि नळीवर ओले फडके ठेवा. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली तर पहिला माणूस खरा. नाहीच झाली तर फिल्टर काढून पाहण्याची वेळ आली.

ओल्या फडक्याच्या युक्तीतले मर्म ध्यानात घ्या. अर्धा तास थांबलो तेव्हा आपण सगळेच थंड केले होते. आता आपण एकच गोष्ट थंड केली. एका वेळी एकच बदल, बाकी सारे जसेच्या तसे. प्रयोगशाळेत लंबकाची लांबी बदलताना गोळा बदलू नका असे शिक्षक सांगतात, ते याचसाठी.

साक्षीदाराची जागा बदला

आणखी एक युक्ती बिनखर्चाची आहे. तीन सिलिंडरांपैकी दुसरा नीट पेटत नाही, गाडी मिसिंग करते. प्लग खराब की आणखी काही? दुसऱ्या सिलिंडरचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात बसवा. मिसिंग प्लगबरोबर तिसऱ्या सिलिंडरमध्ये गेले तर दोष प्लगचा. ते दुसऱ्यातच राहिले तर प्लग निर्दोष. वायर, झडप किंवा रिंग पाहा. नवा भाग न आणता उत्तर मिळाले.

नवा भाग आणलाच तरी चांगले मिस्त्री एक गोष्ट करतात. नव्या कॉइलने गाडी चालली की ते क्षणभर जुनी कॉइल परत लावतात. दोष परतला तरच जुनी टाकून देतात. न परतल्यास खरा दोष बहुधा सैल झालेल्या जोडणीत होता आणि नवी कॉइल बसवताना ती जोडणी आपोआप घट्ट झाली, असे समजावे.

कॉइलबाबत तुमच्या अभ्यासातील एक भाग उपयोगी पडतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. ३० अंशांना ३ ओहम रोध दाखवणारी प्राथमिक कॉइल ९० अंशांना सुमारे ३.७ ओहम दाखवील. तो दोष नव्हे, तांब्याचा स्वभाव आहे. गरम असताना मल्टिमीटरचा आकडा एकदम अनंताकडे गेला, तर मात्र तार आत तुटली आहे.

पावसाळ्यात संशयित बदलतात. भाताच्या रोवणीच्या दिवसांत हवा दमट असते. प्लगच्या वायरीवर तडे गेले असतील तर विजेला प्लगपर्यंत जाण्यापेक्षा ओल्या वायरीवरून इंजिनाच्या धातूकडे जाणे सोपे पडते. असे इंजिन रात्रीच्या अंधारात चालू ठेवून दुरून पाहिले तर वायरीभोवती निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. उंदराने कुरतडलेली वायरही अशीच पकडली जाते. हात मात्र लांब ठेवावा.

एक चमचा तेलाची साक्ष

हवा, इंधन आणि ठिणगी ठीक असून इंजिन ओढत नसेल तर चौथी गरज तपासावी: दाब. १९८३ साली बाजारात आलेल्या व २०१४ पर्यंत तयार होत राहिलेल्या मारुती ८०० या गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७२ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा: एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २६५ घन सेंटिमीटर येते. अशी तीन सिलिंडरे, एकूण ७९६. गाडीच्या नावातील ८०० चा उगम इथे आहे!

दाबप्रमाण सोयीसाठी ९ धरू. म्हणजे मिश्रण मूळच्या नवव्या हिश्शात कोंबले जाते. बॉईलच्या नियमाने दाब नऊपट व्हावा. पण दाबताना वायू तापतो, म्हणून दाब त्याहून वाढतो. उलट सेल्फवर इंजिन सावकाश फिरत असताना थोडा वायू निसटतो, आणि आत येणारी झडप दट्ट्या वर निघाल्यावर थोड्या उशिराने मिटते. या ओढाताणीत प्लगच्या जागी लावलेले दाबाचे घड्याळ अशा प्रकारच्या चांगल्या इंजिनात साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १० ते १२ किलोच्या आसपास दाखवते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

समजा, एका सिलिंडरमध्ये ६ च आले. गळती कोठे? दट्ट्याच्या रिंगांतून, की झडपांतून? मिस्त्री त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन तेल घालतो व पुन्हा दाब मोजतो. तेल दट्ट्याच्या कडेला साचून रिंगांची फट तात्पुरती बुजवते. वर असलेल्या झडपांपर्यंत ते पोहोचत नाही. दाब एकदम वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. दाब जिथल्या तिथे राहिला तर झडप किंवा हेड गॅस्केट गळते आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी असेल तर त्यांच्या मधले गॅस्केट जळाल्याचा दाट संशय घ्यावा. एक चमचा तेल आणि इंजिन न उघडता निवाडा! दोन संशयितांपैकी एकालाच स्पर्श करणारी चाचणी याहून सुंदर सापडणे कठीण.

नव्या गाड्यांत कार्बोरेटर नाही. इंजेक्टर आहेत, आणि इंजिनावर लक्ष ठेवणारा संगणक आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत दोषाची नोंद संगणक स्वतःच ठेवतो व ती छोट्या यंत्राने वाचता येते. मग डोके चालवायला नको? तसे नाही. संगणक सांगतो, ‘मिश्रणात पेट्रोल कमी आहे.’ ते पंप दमल्याने, इंजेक्टर तुंबल्याने, की कुठून तरी चोरून हवा शिरत असल्याने, हे तुम्हालाच शोधावे लागते. संगणकाचा क्रमांक ही साक्ष आहे, निकाल नव्हे. या गाड्यांच्या उच्च दाबाच्या वायरी चालू इंजिनावर ओढून पाहू नयेत. त्यांतील व्होल्टेज जास्त असते आणि संगणकालाही इजा होऊ शकते.

कोळशावर चाललेल्या मोटारी

दोष शोधता येऊ लागला की मनात येते, इंजिनात काही सुधारणा करावी. इतिहासात असा एक मोठा बदल जंगलाच्या आधाराने झाला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा युरोपात लाखो गाड्या लाकूड व कोळशाच्या गॅसवर धावल्या. भारतातही अनेक बसगाड्यांना कोळशाची भट्टी जोडलेली असे. भट्टीत अपुऱ्या हवेत कोळसा जाळला की कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू तयार होतो. तो थंड करून, गाळून, हवेत मिसळून त्याच पेट्रोल इंजिनाला दिला जाई.

गाडी चाले, पण चढावर दमे. का? या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग न जळणारा नायट्रोजन असतो. एक घनमीटर पेट्रोल-हवा मिश्रणात सुमारे ३.५ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर कोळशाच्या गॅस-हवा मिश्रणात सुमारे २.५. इंजिनाचा घोट तेवढाच, पण घोटात सत्त्व कमी. म्हणून ताकद जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटे. ती थोडी भरून काढण्यासाठी दाबप्रमाण वाढवावे लागे, आणि हा गॅस सावकाश जळत असल्याने ठिणगी आणखी लवकर पाडावी लागे. एक इंधन बदलले तर दाब, वेळ आणि ताकद या तिन्ही गोष्टी बदलल्या. इंजिनात एकटा बदल असा नसतोच; प्रत्येक बदल दुसऱ्या बदलांना सोबत घेऊन येतो.

आजही असा एक इंधनबदल आपल्यासमोर आहे. २०२५ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. १४.७ ऐवजी या मिश्रणाला सुमारे १३.५ पट हवा पुरते. नव्या गाडीचा संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून हा फरक सांभाळतो. जुन्या कार्बोरेटरचे जेट मात्र शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेले. त्यातून गेलेले मिश्रण हवेकडे झुकते. शिवाय जुन्या रबरी नळ्या व सील इथेनॉलने फुगू किंवा चिरू शकतात, आणि इथेनॉल पाणी शोषते. म्हणून पावसाळाभर उभी असलेली जुनी गाडी सुरू होत नसेल तर टाकीतले पेट्रोल हाही एक संशयित धरावा.

शिक्षकांना याचा एक प्रयोग दाखवता येईल. उघड्यावर, जवळपास दिवा, शेगडी किंवा ठिणगी नसताना, मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यावर ५० मिलिलिटर पेट्रोल ओतावे, बुच लावून हलवावे व स्थिर ठेवावे. पेट्रोल वर तरंगते. पण खालचा थर आता १० ऐवजी जवळपास २० मिलिलिटर दिसतो! पेट्रोलमधील इथेनॉल पाण्याकडे निघून आलेले असते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग एकट्याने करू नये, आणि वापरलेले पेट्रोल नालीत ओतू नये.

एक मिलिमीटरची लालूच

‘हेड घासून घ्या, गाडी पळेल,’ असा सल्ला कधीकधी मिळतो. त्याचा हिशेब करू. दाबप्रमाण ९ असेल तर दट्ट्याच्या वर उरणारी जागा २६५ भागिले ८, म्हणजे सुमारे ३३ घन सेंटिमीटर. हेड १ मिलिमीटर घासले तर सुमारे ३.७ घन सेंटिमीटर जागा कमी होते आणि दाबप्रमाण ९ वरून १० होते. आदर्श इंजिनाच्या सूत्राने कार्यक्षमता ५८.५ टक्क्यांवरून ६०.२ होते. म्हणजे फायदा शंभरात तीनचा. (खऱ्या इंजिनाची कार्यक्षमता याच्या निम्म्याच्या आसपासच असते.)

आता तोटा पाहा. मिश्रण जास्त दाबले की जास्त तापते आणि ज्योत पोहोचण्याआधी कोपऱ्यात आपोआप स्फोट पावू शकते. इंजिन ठोके देते, दट्ट्याला भोक पडू शकते. आपल्याकडच्या मे महिन्यात आत येणारी हवाच ४६ अंशांची असल्याने हा धोका अधिक. आणि घासलेला धातू परत बसवता येत नाही.

बरे, तीन टक्के फायदा झाला हे कळणार कसे? काहीही न बदलता त्याच रस्त्याने, तेवढेच वजन घेऊन, टाकी पूर्ण भरून तीनदा अ‍ॅव्हरेज काढून पाहा. समजा १७.२, १७.८ आणि १८.१ आले. न बदललेल्या गाडीतच पाच टक्क्यांचा फरक असेल, तर तीन टक्क्यांची सुधारणा त्यात दिसणारच नाही. कोणताही बदल करण्याआधी आपले मोजमाप किती डळमळते हे मोजावे. सायलेन्सर बदलून ‘पिकअप वाढला’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा फक्त आवाज वाढलेला ऐकू आलेला असतो.

घरी बनवलेली मोटार आणि कायदा

याचा अर्थ घरच्या कारागिराला काही साधत नाही असा नव्हे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी फारसे शालेय शिक्षण नसताना १९४९ पासून ‘मीरा’ या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने तयार केले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी जुने सुटे भाग जमवून, सुमारे ६० हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, पण त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

कौतुक आणि नियम, दोन्ही एकाच वेळी खरे कसे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. सीएनजीसारखा बदल करायचा तर मान्यताप्राप्त संचच बसवावा लागतो आणि तशी नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. कारण इंजिन जास्त ताकद देऊ लागले तरी ब्रेक जुनेच असतात. वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत गाड्या तपासल्या जातात, त्या अशाच प्रश्नांसाठी. घरच्या अंगणात गाडी बनवणाऱ्याची बुद्धी कमी नसते. त्याच्याकडे चाचणीची साधने नसतात.

हे मात्र विसरू नका

बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. झोप येते, आणि ती शेवटची ठरू शकते. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत हाच वायू इंधन होता, म्हणून त्या भट्ट्यांजवळही माणसे विषबाधेने दगावली.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. प्रेशर कुकरप्रमाणेच त्यात पाणी दाबाखाली असते व १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येते. पेट्रोलजवळ ठिणगी नको, फिरत्या पंख्याजवळ सैल बाही किंवा ओढणी नको, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

सुरुवात करायला पानेही लागत नाहीत. एक वही घ्या. घरची मोटार असो, शेजाऱ्याची दुचाकी असो, की धानाच्या बांधीवरचा पंप. तो बिघडला की चार रकाने आखा: लक्षण, संशयित, चाचणी, उत्तर. मिस्त्री आला की त्याच्या शेजारी उभे राहा आणि विचारा, ‘काका, हे पाहून तुम्हाला काय कळले?’ जाणता मिस्त्री या प्रश्नाने सुखावतो. तिसऱ्या रकान्यातील चाचणीला सगळे संशयित एकच उत्तर देत असतील तर ती खोडा आणि दुसरी शोधा. वर्षभरात अशी दहा पाने भरली तर बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक ‘ही राशी स्थिर का ठेवली?’ असे विचारतील, तेव्हा उत्तर पाठ करावे लागणार नाही.